एक्स्ट्रा डार्क

रेखाकला परीक्षेचा मोसम आला की स्टेशनरीच्या दुकानात एक संवाद ठरलेला. "काका, टू-एच आहे?" "ही एक्स्ट्रा डार्क ने, मस्त उमटते." पोरगं बिचारं मस्त उमटणारी घेऊन घरी येतं आणि कर्तव्यभूमितीला बसतं. रेषेला लांबी असते, जाडी नसते, असं पुस्तक शपथेवर सांगतं. इथे दोन वर्तुळांची स्पर्शिका काढावी तर ती वर्तुळांना स्पर्श करत नाही, सरळ अंगावर जाते. खोडावं तर अर्धा कागद काळा. घागरीची सावली काढायला मात्र फोर-बी हवी, तेव्हा ही एक्स्ट्रा डार्क राखाडीच्या पुढे सरकत नाही.

कडक-मऊचं गुपित काही अवघड नाही. 1795 साली युद्धामुळे फ्रान्समध्ये इंग्रजी ग्रॅफाइट मिळेनासं झालं, तेव्हा कॉन्ते नावाच्या गृहस्थाने ग्रॅफाइटच्या भुकटीत चिकणमाती मळून ती भट्टीत भाजली. माती जास्त, तर शिसं कडक आणि रेघ फिकी, म्हणजे एच. ग्रॅफाइट जास्त, तर मऊ आणि काळी, म्हणजे बी. सव्वादोनशे वर्षं उलटली, बातमी आमच्या गल्लीत पोचायची आहे. इथल्या पेन्सिलीवर चमकी असते, कार्टून असतं, डोक्यावर स्ट्रॉबेरीच्या वासाचं खोडरबर असतं. श्रेणी तेवढी नसते.

पोराला मात्र असते. रेखाकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला ए श्रेणी आली तर दहावीला 7 गुण, बीला 5, सीला 3. एरवी 'चित्रं काढून पोट भरतं का' विचारणारे बाबा या सातांसाठी रात्री अकराला ब्लेड घेऊन टोक काढत बसतात. टोक काढलं की पडतं. पुन्हा काढलं, पुन्हा पडलं. पेन्सिल दोन-चारदा बाकावरून पडलेली असते. बाहेरून ठणठणीत, आत शिसं जागोजागी मोडलेलं. त्यातून शिसं मधोमध नसेल तर विचारूच नका! एका अंगाला लाकूडच पुढे येतं, आणि कागदावर रेघेऐवजी ओरखडा उठतो. चांगली वीतभर पेन्सिल रात्रीतून बोटाएवढी होते, आणि बाबा म्हणतात, "तू दाबून काढतोस."

शाळेत विचारावं म्हटलं, तर विचारायचं कोणाला? कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीचा पट शंभरावर गेला तर कलेला निदेशक, तोही अंशकालीन. एरवी चित्रकलेच्या तासाला गणिताचे सर येतात, फळ्यावर 'निसर्गदृश्य काढा' लिहितात आणि घटक चाचणीचे पेपर तपासायला घेतात. दोन डोंगर, मध्ये सूर्य, खाली नदी, चारच्या आकड्यासारखे कावळे. त्याला कुठलीही पेन्सिल चालते.