संदर्भ हवा

शिरूरचे नाना छापील अक्षरावर विश्वास ठेवत नाहीत. वर्तमानपत्र म्हणजे मालकाची मर्जी, पाठ्यपुस्तक म्हणजे सरकारची मर्जी. पण कागदावर ‘गोपनीय’ असा शिक्का दिसला की हाच संशयी माणूस एकदम भाबडा होतो.

नोव्हेंबर २०१०मध्ये विकिलीक्सनं अमेरिकी वकिलातींच्या अडीच लाखांवर केबल, म्हणजे मायदेशाशी चाललेला सरकारी पत्रव्यवहार, फोडायला सुरुवात केली आणि नानांच्या निवृत्तीचं सोनं झालं. तिकडून उचलायचं आणि मराठी विकिपीडियाच्या लेखांत घालायचं, हा दिनक्रम ठरला. विकिपीडियाचा आणि विकिलीक्सचा काडीचाही संबंध नाही असं कुणी सांगितलं, तर नाना आवाज खाली आणून म्हणतात, “तुम्हाला आतलं माहीत नाही.”

त्यांनी घातलेलं काढायचं काम दौंडचे तात्या करतात. तात्या नानांचे व्याही. जन्मभर रेल्वेत गार्ड होते. नियमाशिवाय गाडी हलू द्यायची नाही, ही सवय गेलेली नाही. नानांच्या वाक्याला ते ‘संदर्भ हवा’ अशी चिठ्ठी डकवतात.

मोठी लढाई झाली ती लोकसभेतल्या २२ जुलै २००८च्या विश्वासदर्शक ठरावावरून. नानांनी लिहिलं, ‘मतदानाआधी नोटांनी भरलेल्या दोन पेट्या तयार होत्या.’ तात्यांनी ते बदलून लिहिलं, ‘अशा पेट्या अमेरिकी वकिलातीच्या कर्मचाऱ्याला दाखवण्यात आल्या, असं तिच्या केबलमध्ये असल्याचं वृत्त ‘द हिंदू’नं मार्च २०११मध्ये दिलं. संबंधितांनी इन्कार केला. केबलच्या खरेपणाला सरकार दुजोरा देऊ शकत नाही, असं पंतप्रधान मनमोहन सिंग म्हणाले.’

“अहो व्याही, पेट्या गेल्या कुठं यात?” नानांनी फोन केला.

“पेट्या तुम्ही पाहिल्यात? मी पाहिल्यात? आपल्याला दिसतो तो फक्त कागद.”

“मग पेशवे दरबारातला इंग्रजांचा रेसिडेंट मॅलेट कलकत्त्याला गुपचूप पत्रं लिहायचा, ती बरी चालतात इतिहासाला!”

“ती जदुनाथ सरकार आणि रियासतकार सरदेसाई यांच्या देखरेखीखाली निवडून, तपासून छापली गेली. तुमच्या केबलला सरदेसाई कोण? तुम्ही?”

नानांना हे पद नामंजूर नव्हतं.

आणि मग नानांच्या सूनबाईंना माहेरच्या ट्रंकेत एक जुनं पत्र सापडलं. लग्न ठरताना मध्यस्थानं तात्यांना लिहिलेलं. ‘स्थळ उत्तम. मुलगा गुणी. बाप मात्र हेकट. चहा पाजून तासभर वाद घालतो.’ पत्र पोराटोरांकरवी शिरूरला फुटलं. तात्या शिरूरला आले, तेव्हा नाना खवळलेलेच होते.

“ऐकीव गप्पा! त्या माणसानं वरिष्ठांना खूश करायला लिहिलंय!”

“पत्र अस्सल आहे,” तात्या शांतपणे म्हणाले. “खाली सही आहे.”

“सही अस्सल म्हणून मजकूर खरा होतो काय? दुसरा स्वतंत्र पुरावा दाखवा!”

“हेच तर मी म्हणत होतो,” असं तात्या म्हणाले नाहीत. निरोपाचा चहा घेताना त्यांनी फक्त घड्याळ पाहिलं. वादाला तास होऊन गेला होता.

नाना केबल अजूनही उचलतात. पण आता प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘असे वकिलातीचे म्हणणे’ जोडतात. परवा जेवताना म्हणाले, “आमटीत मीठ जास्त पडलंय, असं काही सूत्रांचं म्हणणं आहे.” नानांच्या पत्नीनं सूत्रांची नावं विचारली. नानांनी ती गोपनीय ठेवली आणि आमटी पुन्हा वाढून घेतली.