आप्पा उभे आहेत

आप्पा यंदाही उभे आहेत. जळगाव-धुळ्याकडे कोणी उभं आहे म्हटलं की लोक विचारतात, "झेडपी की बाजार समिती?" आप्पा उभे असतात ते मानसशास्त्रवाल्यांच्या राज्य संघटनेच्या कार्यकारिणीसाठी. संघटनेचं नाव इथे नको, आप्पांचंही नको. एरंडोलपासून साक्रीपर्यंत मानसशास्त्र शिकवणाऱ्या प्रत्येकाने त्यांना एकदा तरी मताचा शब्द दिलेला आहे, एवढी ओळख पुरे.

त्यांचा मुद्दा एकच, समानता. आणि मुद्दा खरा आहे हीच पंचाईत. सरकारची जुनी मनोरुग्णालयं चार : येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. आप्पा भिंतीवरच्या नकाशात ही चार गावं दाखवतात आणि मग बोट सावकाश वर नेऊन तापीच्या काठावर टेकवतात. २०१७च्या कायद्याने मानसिक उपचाराचा हक्क प्रत्येकाला दिला. तो हक्क घ्यायला रावेरच्या माणसाने महाराष्ट्र एक्स्प्रेसचं तिकीट काढायचं काय? सवाल बिनतोड आहे. फक्त तो ते लग्नाच्या पंगतीतही करतात, आणि वाढपी पुढे निघून जातो.

त्यांचं हुकमी अस्त्र म्हणजे व्यक्तिमत्त्व चाचणी. परदेशात बेतलेल्या प्रश्नावलीत हमखास एक विधान असतं : मला पार्टीत रमायला आवडतं. आप्पांनी ती पारोळ्याकडच्या एका शेतकऱ्याला दिली. तो म्हणाला, "भरीतनी पार्टी ना? जास ना भो!" आता हिवाळ्यात शेतात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जात असताना जो घरी बसतो, त्याला खान्देशात अंतर्मुख म्हणत नाहीत, ताप आलाय का, असं विचारतात. म्हणजे या चाचणीत अख्खा जिल्हा बहिर्मुख ठरणार! तेव्हा आमच्या माणसांवर घेतलेली, आमची प्रमाणकं हवीत, हा त्यांचा निष्कर्ष. मला तो अनेक शोधनिबंधांपेक्षा पक्का वाटतो.

इतिहासही त्यांना पाठ आहे. अमेरिकेतली मानसशास्त्र संघटना १८९२ची. मेरी कॅल्किन्स १९०५ साली तिची पहिली स्त्री अध्यक्ष झाली. याच बाईला हार्वर्डने, ती बाई म्हणून, पीएचडी दिली नव्हती. केनेथ क्लार्क हा पहिला कृष्णवर्णीय अध्यक्ष व्हायला १९७१ उजाडलं. "आणि खान्देशचा?" असं म्हणून आप्पा थांबतात. टाळ्या पडतात. मतं पडत नाहीत, कारण ती पुण्या-मुंबईत असतात.

म्हणून वार्षिक सभा फैजपूरला घ्या, ही त्यांची जुनी मागणी. १९३६ साली काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन तिथे भरलं, अध्यक्ष नेहरू आले, मग तुम्हाला यायला काय होतं? यावर पुण्याकडून दर वेळी एकच उत्तर मिळतं : टप्प्याटप्प्याने विचार करू.

प्रचार मात्र आप्पांचा बघावा. शर्टाच्या खिशात एक छोटी वही. समानतेच्या या उमेदवाराच्या वहीत प्रत्येक मतदाराच्या नावापुढे तालुका, समाज आणि सासुरवाडी लिहिलेली. सगळं पेन्सिलीने. मी कारण विचारलं तर म्हणाले, "शास्त्रात निष्कर्ष कायम नसतो. आणि सासुरवाडीचा कल मतमोजणीपर्यंत बदलू शकतो." शेव-भाजीच्या ढाब्यावर बैठक घेतात, बिल स्वतः देतात; आणि रश्श्याचा तवंग बाजूला सारत समोरच्याला सांगतात, की मतदाराने आमिषाला बळी पडू नये.

मागच्या खेपेला आप्पा अखेर निवडून आले, सहचिटणीस म्हणून. पहिली कार्यशाळा त्यांनी जळगावात घेतली. दुसरी जळगावात. तिसरी भुसावळला, म्हणजे बदल म्हणून. धुळ्याहून तक्रार आली : सगळं जळगावलाच का? आप्पा दुखावले. धुळ्याला एक व्याख्यान देऊन त्यांनी ती मिटवली, तेव्हा नंदुरबारवाल्यांनी पत्र धाडलं, की १९९८ला आमचा जिल्हा वेगळा झाला, धुळ्यात बोललेलं आम्हाला लागू होत नाही. पत्रावर धडगावच्या बाजूला काम करणाऱ्या एका समुपदेशक ताईंची सही होती. त्यांनी खाली एक ओळ जोडली होती : तुमची प्रश्नावली मराठीत आहे, आमची मुलं घरी पावरी आणि भिली बोलतात, त्यांची प्रमाणकं कधी?

आप्पांनी पत्र दोनदा वाचलं. मुद्दा त्यांचाच होता, फक्त बोट त्यांच्याकडे होतं. उत्तरात त्यांनी लिहिलं : टप्प्याटप्प्याने विचार करू.

यंदा त्या ताईच आप्पांच्या विरुद्ध उभ्या आहेत. अर्जाला आजीव सभासदाचा अनुमोदक लागतो, आणि असा जवळचा सभासद म्हणजे आप्पाच. ताई एसटीने जळगावला आल्या. आप्पांनी चहा मागवला, चष्मा लावला, अर्ज वाचला. पदाच्या रकान्यापाशी चांगलेच रेंगाळले. मग, समानतेचा प्रश्न आहे, असं काहीसं पुटपुटत झोकात सही ठोकली आणि अर्ज परत देताना म्हणाले, "ताई, तुमनं मत तेवढं माले द्या."