माजी गणपती

किराणा दुकानात खायची सुपारी वेगळी आणि पूजेची वेगळी. पूजेची बहुधा लहान, सुरकुतलेली आणि स्वस्त. यात देवाचा अपमान होतो असं कुणाला वाटत नाही, कारण दुकानात ती अजून देव झालेली नसते.

सत्यनारायणाच्या दिवशी तिचं नशीब उघडतं. गुरुजी तांदळाची चिमुकली रास करतात, वर सुपारी ठेवतात, आवाहन करून अक्षता टाकतात, की गणपती येऊन बसले! पलीकडे नऊ सुपाऱ्यांचे नवग्रह. साडेसात वर्षं ज्याला टरकून असायचं तो शनीही राहू-केतूंच्या मधे निमूट बसलेला. कलशात वरुण येतात. शंख आणि घंटा ही पूजेची साधनं, पण आधी गंध-फूल त्यांनाच.

हा मान यजमानालाही मिळतो. एरवी घरात ज्याचं कुणी ऐकत नाही, तो दर्भाचं पवित्रक बोटात घालून, इलॅस्टिकचं सोवळं सावरत पाटावर बसतो. बायकोने उजवीकडे बसून त्याच्या हाताला हात लावला, की पूजा दोघांची. चार दिवस राबली ती, आचमनं केली त्याने, पुण्य निम्मं-निम्मं.

सकाळी सुपारी घरंगळली असती तर केरात गेली असती. आता ती जरा कलंडली तरी आजी ओरडते, “अगं बाई, गणपती पडले!” आणि सगळं घर आपापल्या जागी सावरून बसतं.

असं सावरून किती वेळ बसणार? शास्त्रकारांनी माणूस ओळखला होता. म्हणून उत्तरपूजा. अक्षता टाकल्या, देव जागेवरून किंचित हलवले, की ते आपल्या वाटेने मोकळे आणि आपण सोफ्यावर पाय पसरायला.

पण त्या सुपारीला अडकित्ता लावायला कुणी धजत नाही. आमदारकी गेली तरी ‘साहेब’ सुटत नाही, तसंच हे. काही घरांत ती गुरुजींबरोबर जाते, काही घरांत पाण्यात. आमच्याकडे देव्हाऱ्याखालच्या खणात एक डबी आहे. तिच्यात इतक्या पूजा जमल्यात, की कुठला गणपती आणि कुठला शनी, सांगता येत नाही. खण आवरताना आम्ही सरसकट सगळ्यांनाच नमस्कार करतो. शनीच्या बाबतीत तर, पदावरून उतरला म्हणून कोण जोखीम घेणार?