काळविटाची मोजणी

नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, सरकारने दोन जीवांना जागा दिली. माळढोक पक्ष्याला १९७९ साली सोलापूर आणि नगर मिळून जवळजवळ ८,५०० चौरस किलोमीटर. काळविटाला पुढच्याच वर्षी कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरीला २.१७ चौरस किलोमीटर, म्हणजे २१७ हेक्टर. जुन्या काळी एखाद्या देशमुखाच्या नावावर निघावी एवढीच. माळढोकाच्या वाट्याला कर्जत, श्रीगोंदे, नेवासे असे तालुके आले, त्यांतल्या लोकांच्या जमिनीही आल्या आणि खरेदी-विक्रीचे व्यवहार अडले. ज्याच्यासाठी सातबारा अडला तो पक्षी मात्र आयुष्यात बघितलेला नाही, अशी तक्रार पारावर सतत ऐकू यायची. पुढे ते अभयारण्य कापून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. तोवर पक्षी जवळजवळ संपलाच होता. इकडे ज्याच्या पानात चिमूटभर वाढलं होतं, तो काळवीट मात्र अभयारण्यात मावेनासा झाला.

रेहेकुरीचा माळ काही डोळे दिपवणारा नाही. हिवर, बाभळी, मुरूम, कुसळी गवत. चालून आलात की पायमोजे फेकून द्यावे लागतात, इतकी कुसळं. पण अशाच ठिकाणी एखादा पुरता काळा झालेला नर उभा दिसतो. पोट पांढरं, डोळ्यांभोवती पांढरी वर्तुळं, डोक्यावर पीळ घातलेली लांब शिंगं. सांबर-चितळाची शिंगं दरवर्षी गळतात. याची जन्मभर टिकतात. मादीला शिंगं नसतात. तरुण नर मादीसारखाच पिवळट-तपकिरी असतो आणि वय वाढेल तसा काळा होत जातो.

तो उभा असतो म्हणजे राखण करत असतो. नगर जिल्ह्याला हे समजावून सांगायला नको. सख्ख्या भावाने वीतभर बांध कोरला म्हणून तालुक्याच्या कोर्टात पिढ्यान् पिढ्या तारखा पडणारा आपला मुलूख. काळविटाचंही तेच, फक्त वकील नाही. माळाचा एक तुकडा तो आपला मानतो आणि ठरावीक जागी लेंड्यांचा ढीग घालतो. हीच त्याची हद्दीची खूण. भूमी अभिलेखवाल्यांचे दगड रातोरात सरकतात, हे ढीग सरकत नाहीत. डोळ्याखाली एक ग्रंथी असते, तिचा चिकट वास तो गवताच्या काडीला आणि काटकीला पुसून ठेवतो. शेजारचा नर जवळ आला की मान वर, नाक आभाळाकडे, शिंगं पाठीवर टेकलेली, कान खाली, आणि घशातून घुरघुर करत ताठ पावलं टाकत तो निघतो. नव्वद टक्के भांडणं या चालीवरच मिटत असावीत असं मला वाटतं. बाकीची शिंगाला शिंग लावून, तीही झटपट.

गंमत पुढे आहे. एवढं सगळं ज्यांच्यासाठी, त्या माद्या कळपाने चरत येतात, याच्या तुकड्यात चार घास खातात आणि सरळ शेजाऱ्याच्या तुकड्यात निघून जातात. याची धावपळ सुरू होते. आडवा जातो, वळवायला बघतो. त्या वळतात किंवा नाहीही वळत. ज्यांना तुकडा मिळालेला नाही असे नर वेगळा कळप करून राहतात, आणि मला तरी ते जास्त सुखी दिसतात. चरतात निवांत.

पळण्यात या जनावराचा हात धरणारं आज आपल्या माळावर कोणी नाही. ताशी ऐंशी किलोमीटरच्या आसपास वेग. एवढा वेग आला तो चित्त्यामुळे. कोल्हापूर संस्थानात शिकवलेले चित्ते काळविटांवर सोडून शिकार चालायची. १९५२ साली भारतातून चित्ता संपल्याचं जाहीर झालं. पाठलाग करणारा गेला, पळणारा अजून त्याच वेगाने पळतो आहे. आता मागे लागलाच तर लांडगा, नाहीतर गावची कुत्री.

नजर आणि पाय एवढ्या दोन गोष्टींवर जगणाऱ्याला मोकळा माळ लागतो. दाट झाडी वाढली की लपायला जागा शत्रूलाच मिळते. झाडीत राहायचं असेल तर त्यासाठी चौशिंगा आहे, एकटा-दुकटा, लाजरा, पाण्याच्या आसपास वावरणारा. पण माळ म्हटला की आपल्याला तो पडीकच दिसतो, आणि पाऊस पडला रे पडला की कुदळ, फावडी आणि फोटोग्राफर घेऊन आपण खड्डे खणायला हजर. एकाही काळविटाने रोप मागितल्याचं ऐकिवात नाही.

स्वतःच्या हद्दीबद्दल इतका काटेकोर असलेला हा प्राणी सरकारने आखलेली हद्द मात्र मुळीच मानत नाही. अंधार पडला की शेजारच्या ज्वारीत, हरभऱ्यात. कोवळा हरभरा रात्रीत खुडून फस्त. १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं पूर्ण संरक्षण असल्यामुळे शेतकऱ्याने हुसकावण्यापलीकडे काही करायचं नाही. सकाळी वनरक्षकाला फोन, पंचनामा, अर्ज, मग भरपाईची वाट. उन्हाळ्यात पाण्याच्या शोधात हेच जनावर कठडा नसलेल्या विहिरीत पडलं, तर दोर घेऊन सगळ्यात आधी धावतो तोही शेतकरीच. वर काढून सोडल्यावर ते आभार न मानता त्याच्याच रानाकडे पळतं.

मनुस्मृतीत म्हटलं आहे, की कृष्णसार मृग, म्हणजे हाच काळवीट, जिथे आपसूक वावरतो तो देश यज्ञाला योग्य. या हिशेबाने कर्जत-श्रीगोंद्याचा मुरमाड माळ पात्र ठरतो आणि पुण्यातल्या सगळ्या पेठा अपात्र. असा दाखला तहसील कचेरीत मिळत असेल तर काढून ठेवायला हरकत नाही. हरभऱ्याच्या भरपाईच्या अर्जाला जोडता येतो का, ते तलाठ्याला विचारून बघावं लागेल.