'तुम्हाला हे माहीत आहे का?' पाठवणाऱ्या महोदयांना खुले पत्र

परमआदरणीय संकलक महोदय,

स. न. वि. वि.

आपलं नाव आम्हाला ठाऊक नाही, कारण ते आपण कधी लिहीत नाही. रोज पहाटे पुण्याविषयीची रंजक माहिती मोबाईलवर येऊन पडते आणि खाली फक्त 'संकलन : एक अस्सल पुणेकर' असतं. प्रसिद्धीची एवढी नावड या शहरात दुर्मीळच. पत्रास कारण की, आपले आभार मानायचे बरेच दिवस राहून गेले होते.

पहिले आभार भुयाराचे. शनिवारवाड्यातून पर्वतीपर्यंत घोडेस्वार दौडत जाईल असं गुप्त भुयार आपण आम्हाला दिलंत. पुढच्याच महिन्यात ते थेट सिंहगडाला नेऊन भिडवलंत. एवढ्या वेगानं या शहरात दुसरं कुठलंच काम होत नाही. आता जमिनीखाली खरोखर जे आहे ते ऐका. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यावर कात्रजला तलाव बांधला आणि तिथून दगडी नळानं पाणी गावात आणलं. माणूस आत उभा राहू शकेल असा तो नळ. हवा खेळावी, गाळ काढता यावा म्हणून वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवलेले. उताराच्या जोरावर पाणी मैलोन्‌मैल चालत यायचं आणि पेठांमधले हौद भरायचे. वाड्यातली कारंजीही त्याच पाण्यावर. पंप नाही, वीज नाही. २०१९ साली स्वारगेटला मेट्रोच्या खोदकामात भुयार लागलं, तेव्हा जाणकार पाण्याची वाट म्हणत होते आणि आपण मात्र घोड्यावर बसून केव्हाच निघून गेला होतात. ज्या नळानं एका शहराची तहान भागवली, तो आपल्याला पळवाटेपेक्षा कमी रंजक वाटला!

मस्तानीबद्दलही आपले उपकार आहेतच. बाजीरावसाहेबांनी 'मस्तानी' हे पेय तिच्यासाठी करवून घेतलं, असं आपण लिहिलंत. मस्तानी गेली १७४० साली. दाट मिल्कशेकवर आइस्क्रीमचा गोळा ठेवायला तेव्हा पुण्यात आइस्क्रीम कुठून आणलंत, तेवढं मात्र कळवायचं राहिलं. तिच्या कोथरूडच्या महालाचे अवशेष दिनकर केळकरांनी आणून स्वतःच्या संग्रहालयात पुन्हा उभे केले. ते पाहायला बाजीराव रस्त्यावर जावं लागतं, एवढीच काय ती अडचण.

आणि पु. ल. देशपांडे १२ जून २००० रोजी आपल्यातून गेले, ही आमची समजूत आपणच दूर केलीत. आपल्या कृपेनं ते त्यानंतर सेल्फीवर लिहिते झाले, व्हॉट्सअॅप ग्रुपच्या अॅडमिनवरही लिहिते झाले. ज्या कुणा होतकरू लेखकानं तो मजकूर खरोखर लिहिला, त्याचं नाव खोडण्याचे कष्टही आपणच घेतलेत. पु.लं.च्या एकेका वाक्यावर वाढलेली माणसं आहेत या गावात. त्यांना तो सूर दोन ओळींत कळतो, आणि रागही येतो.

आता लाल महाल. इथं मात्र माझी सभ्यता जरा कमी पडेल, सांभाळून घ्यावं.

आमच्या सोसायटीच्या गणपतीत प्रश्नमंजूषा होती. सूत्रधारांच्या हातात आपलाच मजकूर, छापून आणलेला. सहावीतल्या एका मुलीला प्रश्न आला : शिवराय लहानपणी राहिले तो पुण्यातला वाडा आजही जसाच्या तसा उभा आहे, तो कोणता? ती उठली आणि म्हणाली, "काका, तो आता नाहीये. आत्ताचा नंतर बांधलाय." काकांनी कागद वर-खाली पाहिला, घंटा वाजवली आणि गुण शेजारच्या गटाला देऊन टाकले. पोर "पण काका..." एवढंच म्हणाली आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत खाली बसली. तिचं बरोबर होतं, महोदय. मूळ वाडा केव्हाच नाहीसा झाला; आजची वास्तू महापालिकेनं १९८०च्या दशकात उभारली. वाचून, पाहून, विचार करून बोललेल्या मुलीला आपल्या कागदानं चारचौघांत खोटं पाडलं. पुढच्या वेळी ती हात वर करेल का?

आपल्याला रंजकच हवं ना? मग खरं घ्या, फुकट आहे. बुधवार पेठेचं आधीचं नाव मुहियाबाद. धोंडो केशव कर्वे यांना भारतरत्न मिळालं १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, आणि त्यानंतरही ते चार वर्षं जगले. ज्या आवारात आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे तिथं प्रभातचा स्टुडिओ होता. तिथला 'संत तुकाराम' १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. केळकरांनी अडकित्ते, दिवे, वज्री अशा घरोघरच्या वस्तू आयुष्यभर दारोदार फिरून जमवल्या आणि संग्रहालयाला दिवंगत मुलाचं, राजाचं, नाव दिलं. यात मीठमसाला घालायला जागा कुठे आहे?

शेवटचे आभार आनंदीबाईंच्या चिठ्ठीचे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, ऐन गणपतीत, अठरा वर्षांच्या नारायणरावांचा गारद्यांनी शनिवारवाड्यात खून केला. रामशास्त्र्यांनी राघोबादादांना दोषी ठरवलं, हा इतिहास. आनंदीबाईंनी 'धरावे'तल्या 'ध'चा 'मा' केला म्हणतात ती मूळ चिठ्ठी मात्र आजवर कुणाच्या हाती लागलेली नाही. आपण तर तिचा फोटोच पाठवलात, कडा जळलेल्या कागदासकट! भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून असे कागद जमवतं आहे, आणि ते सदाशिव पेठेतच आहे. मूळ चिठ्ठी घेऊन एकदा तिकडे जावं. शाई कोणती, कागद कुठला, कोणाच्या दप्तरातून मिळाला, एवढंच विचारतील. आणि तो फोटो संगणकावर केलेला असेल, तर ज्या ज्या ग्रुपवर टाकलात त्या प्रत्येक ग्रुपवर आजच तसं कळवावं, ही हात जोडून विनंती.

कळावे,
आपला एक वाचक,
पुणे