टायर कोण खातंय?

“वहिनी, कढीपत्त्याच्या दोन काड्या द्या की. आणि तुमचा ओंकार परवा आमच्या दुकानात येऊन गेला, घरात बोलला का?”

“तो कशाला बोलतोय! आता काय नवीन लावायचंय त्या आय-ट्वेंटीला?”

“लावायचं काही नाही, अलाइनमेंट बदलून पाहिजे. पुढं कॅम्बर मायनस अडीच करा म्हणाला. दीर मशीनपाशी होते, ते नुसते हसले. मी काउंटरवर पावती करत होते, मला राहवलं नाही. म्हटलं, बाळा, गाडी रेसला न्यायचीय का कागलला?”

“मायनस म्हणजे काय कमी करायचं असतं?”

“चाकं वरच्या अंगानं आत झुकवायची. समोरून बघितली तर गाडी पाय फाकून उभी राहिल्यासारखी दिसते. त्याचं म्हणणं खोटं नाही हं. वळणावर गाडी बाहेर कलते, तिच्याबरोबर बाहेरचं चाक कलतं आणि टायर कडेवर उभा राहतो. चाक आधीच थोडं आत झुकवून ठेवलं, तर नेमक्या त्या वेळी टायर सपाट टेकतो आणि रस्ता धरतो. गगनबावड्यावरून करूळ घाट उतरताना फरक कळतो. पण घाट कधी, रविवारी. बाकी आठवडा तो हायवेनं एमआयडीसीला जाणार आणि येणार. त्या सरळ रस्त्यावर एवढ्या झुकावाला आतली कडच चालत राहते.”

“म्हणजे टायर खाणार! ह्यांनी मागच्या दिवाळीत चारही टायरचे पैसे मोजलेत हो.”

“थांबा, कॅम्बरला एवढ्यात बोल लावू नका. कोपऱ्यावरच्या सरांच्या गाडीचं ठाऊक आहे ना?”

“ती खाली बसवलेली?”

“तीच. लेकानं स्प्रिंग कापून आणल्या. गाडी दिसायला झ्याक, पण अलाइनमेंट कुणी केलीच नाही. थोड्याच दिवसांत आतल्या बाजूनं तारा बाहेर! सर गल्लीभर सांगत सुटले, कॅम्बरनं टायर खाल्ले. आमच्याकडे मशीनवर चढवली तर कॅम्बर वाढलेला होता, नाही म्हणत नाही, पण खरा खाणारा निघाला टो. गाडी खाली बसली की दोन्ही बदलतात, आणि नाव एकट्या कॅम्बरचं होतं, कारण तो डोळ्याला दिसतो. टो दिसत नाही.”

“टो म्हणजे?”

“वरून बघितलं तर दोन चाकांची तोंडं एकमेकांकडे वळलीत की बाहेर, तो टो. एका चाकाला दहा मिनिटांचा फरक असला... घड्याळातली नव्हे हो! अंशाचे साठ भाग केले की त्यातला एक म्हणजे मिनिट. तर दहा मिनिटं टो असला, तरी ते चाक किलोमीटरमागं जवळजवळ तीन मीटर आडवं घासल्यासारखं होतं. कागलला जाऊन येईपर्यंत किती झालं, तुम्हीच करा हिशेब. त्यापेक्षा टो शून्याला धरून कॅम्बर मायनस एक ठेवला तर टायर बिचारा मुकाट्यानं चालतो.”

“मग तुम्ही काय सांगितलं त्याला?”

“पुढं मायनस एक, फार तर सव्वा. डाव्या-उजव्यात फरक नको. टो शून्य, नाहीतर दोन्ही चाकं मिळून चार-पाच मिनिटं आत. त्याला टो-आउट पाहिजे होता, कुणा मित्राचा आहे म्हणे. वळवताना नाक चटकन आत घुसतं, ते खरं. पण हायवेला गाडी प्रत्येक खाचेच्या मागं धावते, आणि पावसात ट्रकच्या शेजारून जाताना स्टिअरिंग मुठीत आवळून बसायचं. रोजच्या गाडीला मला नाही पटत ते.”

“आणि मागच्या चाकांचं?”

“तिथं हात लावायलाच जागा नाही. त्या गाडीला मागं एक आडवा बीम आहे, आकडे बदलायला बोल्टच दिलेला नाही. मशीनवर बघायचं आणि पुढं जायचं. एक चाक वेगळंच काही सांगत असलं, तर पोरानं खड्ड्यात कुठंतरी जोरात आपटलीय असं समजा.”

“आपटलीच असेल.”

“पुढचा कॅम्बरसुद्धा कंपनी बदलायला देत नाही. शॉकअपच्या खाली दोन बोल्ट असतात, त्यातल्या एकाच्या जागी मधे बारीक केलेला कॅम्बर बोल्ट घालायचा. तो नीट मापात आवळला नाही तर सरकतो, म्हणून रस्त्याकडेच्या गॅरेजात करू नको म्हटलं. आणि कॅम्बर आधी, टो शेवटी. एक हलवला की दुसरा हलतोच. काही ठिकाणी नुसता टो फिरवतात आणि ‘झालं साहेब’ म्हणून पैसे घेतात.”

“आपल्याला काय कळणार त्यातलं? स्क्रीनवर हिरवं आलं की झालं.”

“इथंच सगळे फसतात, वहिनी! हिरवं म्हणजे कंपनीनं दिलेली हद्द. डावं चाक हद्दीच्या या टोकाला, उजवं त्या टोकाला, तरी दोन्ही हिरवीच. गाडी मात्र एका बाजूला ओढते. आणि ओंकारचा मायनस सव्वा मशीन बहुतेक लाल दाखवेल, पण तो आपणच मागून घेतलेला लाल आहे. त्यानं रंग बघू नये, आकडे बघावेत. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही कागद मागून घ्यायचे. आमच्या दुकानातसुद्धा मागायचे, दिरांना राग आला तरी.”

“आणायला सांगू का मग उद्या?”

“उद्या आणू दे. हवा आधी बरोबर करू. लोअर आर्मचे बुश बघून घेऊ, ते गेले असतील तर आकडे नुसते कागदावर राहतात. हो, आणि डिकी रिकामी करून आणू दे. मागं वजन असलं की पुढचं तोंड उचलतं आणि सगळी मापं फिरतात. परवा त्यानं डिकी उघडली तर आत कसल्या तरी गोण्या होत्या.”

“त्या ह्यांच्या. मळ्यात न्यायचं खत आहे, तीन आठवडे झाले.”

“अगं बाई! म्हणजे ओंकारची गाडी घाटात मागून जड वाटते ती त्यानं? पोरगं दिरांना म्हणत होतं, सस्पेन्शन बदलावं लागेल बहुतेक!”