हुन्ता, हन्ता आणि जनता

काशीत अस्सी घाटाजवळच्या टपरीवर एक गृहस्थ इंग्रजी पेपरातली म्यानमारची बातमी मोठ्यानं हिंदीत सांगत होते. ‘जुंटा’ हा शब्द त्यांनी सरळ ‘जनता’ असा वाचला. त्यामुळे बातमी अशी झाली: १ फेब्रुवारी २०२१ रोजी जनतेनं जनतेचं सरकार उलथवलं, मग जनतेनं जनतेवर गोळ्या झाडल्या, आणि निवडणुकीचं आश्वासनही जनतेनंच दिलं. कुणालाही काही खटकलं नाही. मतदानाची सवय असलेल्या माणसांना यात नवल कसलं?

वाचणाऱ्याचा तरी काय दोष! कॉलेजातली पोरं मोबाइलवर रोमन लिपीत ‘जनता कुठाय?’ विचारतात, तेव्हा ‘junta’ हीच पाच अक्षरं वापरतात.

दुर्गाघाटावरचे एक मराठी शास्त्रीबुवा तिथं होते. ते म्हणाले, ‘अहो, तो ज नव्हे. स्पॅनिश माणूस हुन्ता म्हणतो. हुन्ता म्हणजे हन्ता, मारणारा!’ काशीत व्युत्पत्ती सिद्ध व्हायला एवढं पुरतं. इथल्या ‘आज’ दैनिकाचे संपादक बाबूराव विष्णू पराडकर, घरचे मराठी, हिंदीला नवे शब्द घडवून देत. ते १९५५ साली गेले. तेव्हापासून हे खातं टपऱ्यांकडे आहे.

शब्दाचं कूळ मात्र सात्त्विक निघतं. लॅटिनमधल्या ‘जोडणे’ या धातूपासून तो आला. आपले ‘योग’ आणि ‘युक्त’ त्याचे भाऊबंद. जुंटा म्हणजे जुळून बसलेली माणसं. १८०८ साली नेपोलियननं स्पेनचा राजा अडकवून ठेवला आणि गादीवर आपला भाऊ बसवला, तेव्हा शहरोशहरी अशा जुंटा उभ्या राहिल्या आणि राजाच्या नावानं, लोकांच्या जोरावर कारभार हाकू लागल्या. (त्याच लढाईनं जगाला ‘गेरिला’ शब्द दिला. त्या मालाचं दुकान आपल्याकडे आधीपासूनच होतं.)

मग सेनापतींना शब्द आवडला. ११ सप्टेंबर १९७३ रोजी चिलीत लष्कर, नौदल, हवाई दल आणि पोलीस अशा चौघांचे प्रमुख जुळून बसले. अध्यक्षपद आळीपाळीनं घ्यायचं, असं ठरलं होतं म्हणे. लष्कराचे पिनोशे पहिले बसले ते १९९० पर्यंत उठलेच नाहीत. ‘अडीच-अडीच वर्षं’ हे गणित महाराष्ट्राला शिकवायला चिलीहून कुणी आलं नव्हतं. आपण ते स्वतंत्रपणे शोधलं.

ब्रह्मदेशातले जनरल अधिक लाजाळू. त्यांनी स्वतःला कधी जुंटा म्हणवून घेतलं नाही. १९८८ साली ते ‘कायदा व सुव्यवस्था पुनर्स्थापना परिषद’ होते, १९९७ साली ‘शांतता व विकास परिषद’ झाले. माणसं बरीचशी तीच, पाटी नवी. आपल्या कुठल्याही महानगरपालिकेला हे तंत्र समजावून सांगावं लागणार नाही.

मूळ अर्थाची जुंटा आपल्याकडेही झाली. १९५६ ची संयुक्त महाराष्ट्र समिती म्हणजे त्या शब्दाचा जवळजवळ तंतोतंत तर्जुमा. पण एसेम आणि डांग्यांना कुणी ‘जुंटा’ म्हटलं असतं, तर अत्र्यांनी त्याचं काय केलं असतं, हे छापण्याजोगं नाही.

दिल्लीतही १९७७ साली चार पक्ष जुळले आणि त्यांनी नाव घेतलं ‘जनता’. त्यांचे राजनारायण याच बनारसचे. त्यांनी रायबरेलीत इंदिराबाईंना पाडलं आणि दोन वर्षांत स्वतःचं सरकार पाडायलाही हातभार लावला. पुढं त्या जनतेतून इतक्या जनता फुटल्या, की त्यांतल्या एका पक्षाला आपण जोडलेले आहोत हे नावात सांगावं लागतं. तेही कंसात.